मावेल तेवढे पीठ

आमच्या स्वयंपाकघरात एक खण असा आहे की, ज्याची मालकी घरातले कोणीही मान्य करीत नाही. तुटक्या किल्ल्या, मेणबत्त्यांची बुडखे, मिक्सरचे हमीपत्र (मिक्सर केव्हाच भंगारात गेला) आणि पिझ्झाबरोबर फुकट मिळणाऱ्या मसाल्याच्या चपट्या पुड्या, असा त्यातला ऐवज. या पुड्या आम्ही कधी वापरीत नाही आणि कधी फेकीतही नाही. फुकट मिळालेली वस्तू टाकून देण्याइतकी श्रीमंती अजून आमच्या अंगी आलेली नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी हा खण साफ करण्याचे काम मी चिरंजीवांवर सोपविले. ते सोळा वर्षांचे आहेत. म्हणजे कोणतेही काम सांगितले असता त्यातून दुसरेच काम उत्पन्न करण्याच्या वयाचे आहेत. पाच मिनिटांत त्यांनी जाहीर केले, "आई, ओरेगॅनोच्या एक्केचाळीस पुड्या आहेत!" आणि त्याच दमात हातातल्या फोनवर पाहून पुढे म्हणाले, "याच्या ग्रीक कुकीज होतात. खाऱ्या. वीस मिनिटांत. ऑलिव्ह आणि फेटा चीज पाहिजे फक्त."

मी प्रथम कानांवर घेतलेच नाही. सत्रपरीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा माझ्यापुढे होता आणि 'नवकाव्याची वैशिष्ट्ये' सातव्यांदा वाचीत होते. शिवाय खरे सांगायचे तर आमच्या घरात दिवाळीचे काही तळायचे-भाजायचे मी बंदच केले होते. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून चकली बचतगटाची आणि लाडू कोपऱ्यावरच्या दुकानातले. घरात भट्टी आहे, नाही असे नाही. ज्याला सगळे 'ओटीजी' म्हणतात ती विजेची पेटी आम्ही एका उत्साहाच्या भरात घेतली होती. तिचा उपयोग मुख्यत्वे तिच्या डोक्यावर पोळ्यांचा डबा ठेवण्यासाठी होतो.

चिरंजीव मोठ्याने कृती वाचू लागले. "दोन कप मैदा, एक कप ऑलिव्ह ऑइल, दोनशे ग्रॅम फेटा, एक चमचा मीठ..."

"तेल फार आहे," गॅलरीच्या दारातून आवाज आला. "आणि मीठ कशाला? चीज खारातलं असतं."

आम्ही दोघांनीही वळून पाहिले. बाबा आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचीत बसले होते. पान त्यांनी खाली केले नव्हते. बोलले होते ते पानाआडूनच.

आता इथे थोडे मागे जायला हवे.

माझे वडील १९७४ पासून २००३ पर्यंत बोटीवर होते. आमचे गाव रत्नागिरीजवळ खाडीच्या काठी. त्या पट्ट्यातल्या घराघरांतून कोणी ना कोणी बोटीवर जात असे. जगातल्या मालवाहू जहाजांचा फार मोठा भाग ग्रीक मालकांचा आहे ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकात वाचण्याआधी आमच्या गावातल्या पोरांना ठाऊक असते, कारण कोणाचा काका, कोणाचा चुलता अशा एखाद्या जहाजावर असतोच. बाबांची बहुतेक वर्षे ग्रीक मालकांच्याच जहाजांवर गेली. धान्य, कोळसा, खनिज असा सुटा माल वाहणारी जहाजे. नऊ-दहा महिने समुद्रावर आणि दोन-तीन महिने घरी.

ते जहाजावर काय करीत? आमच्याकडच्या जुन्या खलाशी भाषेत सांगायचे तर ते 'भंडारी' होते. म्हणजे स्वयंपाकी. आधी भांडी घासणारा पोऱ्या, मग सेकंड कुक, मग चीफ कुक. अठ्ठावीस-तीस माणसांना तीन वेळा जेवू घालण्याचे काम त्यांनी एकोणतीस वर्षे केले. आणि या एकोणतीस वर्षांत, किंवा नंतरच्या वीस वर्षांतही, आमच्या घरात त्यांनी चहाचे आधणसुद्धा कधी ठेवले नाही.

यात आळस नव्हता. घरात तसा अलिखित करारच होता. आजी होती तोपर्यंत, बाबा रजेवर आले की आंघोळ झाल्याशिवाय त्यांना देवघराकडे फिरकू देत नसे. कारण बोटीवर ते कशाकशाला हात लावतात हे तिला कोणीतरी नको तितक्या तपशिलाने सांगितले होते. आई गावात सांगे, "ते बोटीवर असतात." त्यापुढे प्रश्न आला की विषय सुपारीच्या भावाकडे वळे. पुरुष माणूस परक्यांच्या चुलीपाशी राबतो हे तिला सहन होत नव्हते, की तो तिथे राबून आल्यावर घरात तरी त्याने चुलीला हात लावू नये अशी तिची माया होती, हे मी तिला कधी विचारले नाही. बाबांनी मात्र तो करार शब्दशः पाळला. ते ओटीवर बसत, जाळी विणीत, वर्तमानपत्र वाचीत. आमटीत मीठ कमी पडले तर बोलत नसत.

आणि मी? मी त्या करारात कुणी न सांगता सामील झाले होते. शाळेच्या अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'नोकरी' लिही. पुण्याला एम.ए.साठी गेले तेव्हा तर माझी भाषा आणखी सुधारली. "बाबा मर्चंट नेव्हीत आहेत." हे वाक्य खोटे नाही. परंतु मराठीची विद्यार्थिनी म्हणून एवढे मला नक्की कळत होते की, वाक्य खरे असूनही ऐकणाऱ्याच्या मनात उभे राहणारे चित्र खोटे असू शकते. माझ्या मैत्रिणींच्या मनात पांढरा गणवेश आणि सोनेरी पट्ट्या उभ्या राहत आणि मी त्या तशाच उभ्या राहू देई.

१९९८ सालच्या पावसाळ्यात बाबा मुंबईला जहाजावरून उतरले आणि घरी जाण्याआधी वाट वाकडी करून पुण्याला माझ्या वसतिगृहावर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात एक गोल निळा पत्र्याचा डबा. भेटीच्या खोलीत माझ्या दोन मैत्रिणीही आल्या. एकीने उत्साहाने विचारले, "काका, तुम्ही कॅप्टन आहात ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. एखाद्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावे तेवढेच.

"नाही नाही, कॅप्टन नाही," ते म्हणाले. "आमचं काम आतलं असतं."

मग डबा उघडला. आत लहान लहान, किंचित तांबूस, तीळ लावलेल्या खाऱ्या टिकल्या होत्या. तोंडात टाकताच विरघळणाऱ्या आणि मागाहून कसलासा रानटी, सुंदर वास ठेवून जाणाऱ्या. मैत्रिणींनी दोन-दोन उचलल्या. "काय मस्त आहेत! कुठं मिळतात?"

"ग्रीसमध्ये," मी म्हटले. "तिकडं विकत मिळतात."

त्या बाबांनी केलेल्या होत्या, जहाजावरच्या शेवटच्या रात्री, हे मला ठाऊक होते. डबा हातात देताना जिन्यातच त्यांनी तसे सांगितले होते. चहा घेऊन जा म्हटले तर ते म्हणाले, "नको, गाडी चुकायची." रत्नागिरीची गाडी रात्री नऊची होती. घड्याळात चार वाजून वीस मिनिटे झाली होती.

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. यजमानांनाही नाही. त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षे झाली. दर वर्षी वर्गात 'आत्मचरित्रातील प्रांजळपणा' हा विषय मी शिकविते आणि पुष्कळ विद्यार्थी त्याची टिपणे उतरवून घेतात.

तेव्हा बाबांनी "तेल फार आहे" म्हटले तेव्हा मी उत्तरपत्रिकांवरून एकदम उठले ते का, हे वाचकांच्या ध्यानात येईल. चिरंजीवांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त विचारले, "आजोबा, तुम्हाला येतात या कुकीज?"

"येतात म्हणजे," बाबा पान खाली करीत म्हणाले, "अल्मिरा कुलुराकिया. आठवड्यातून दोनदा करायचो."

माझ्या वडिलांच्या तोंडून ग्रीक शब्द मी आयुष्यात प्रथम ऐकले ते त्या दिवशी. अल्मिरा म्हणजे खारट. कुलुरी म्हणजे कडे. तिकडे रस्त्यावर तीळ लावलेली पावाची मोठमोठी कडी विकतात, त्यांचे हे नाव. बाबांच्या मते ते म्हणजे आपले कडबोळेच, फक्त बांगडीऐवजी हत्तीच्या पायात घालण्याच्या मापाचे. कुलुराकिया ही त्याची छोटी भावंडे, गोडही असतात, खारीही असतात.

आणि मग चार दिवसांत न बोललेला माणूस पाऊण तास बोलला.

१९७९ साली ते ज्या जहाजावर सेकंड कुक होते, त्यावर चीफ कुक एक ग्रीक म्हातारा होता, खिओस बेटावरचा. त्याला सगळे 'बार्बा' म्हणत. वडीलधाऱ्या माणसाला तिकडे तसे म्हणतात, आपल्याकडे 'काका' म्हणावे तसे. (खिओस हे बेट तुम्हाला वाटते तितके परके नाही. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात 'रुमी मस्तकी' म्हणून जो सुगंधी डिंक मिळतो, तो देणारी झाडे त्या बेटाच्या दक्षिण भागात आहेत.) बार्बाला इंग्रजी चार शब्द येत आणि बाबांना तेव्हा सहा. या दहा शब्दांच्या भांडवलावर शिकवणी चालली. अलेव्री म्हणजे पीठ, लादी म्हणजे तेल, तिरी म्हणजे चीज, अलाती म्हणजे मीठ. घाई केली की बार्बा ओरडे, "सिगा, सिगा!" म्हणजे सावकाश.

"पण ही कुलुराकिया घाईचीच," बाबा म्हणाले. "वादळात तळण करता येत नाही. कढईतलं तेल अंगावर यायचं. शेगडीला कठडे असतात, भांडी सरकत नाहीत, पण तेलाला कोण कठडा घालणार? भट्टीचं दार मात्र बंद असतं. मग रात्री बारा ते चारच्या पाळीवाल्यांना कॉफीबरोबर काय द्यायचं? पीठ, चीज, तेल. अर्ध्या तासात ट्रे बाहेर."

"प्रमाण काय?" चिरंजीवांनी फोनवर लिहून घेण्याचा पवित्रा घेतला.

बाबा हसले. "तेच मी बार्बाला विचारलं. तेल सांगितलं त्यानं, चीज सांगितलं. पीठ किती म्हटलं तर म्हणाला, 'ओसो पारी.' दोन महिन्यांनी दुसऱ्याकडून अर्थ कळला. जेवढं घेईल तेवढं."

मी थक्क झाले. माझ्या आईच्या वहीत शंकरपाळ्यांच्या कृतीचा शेवट असाच आहे: 'मावेल तेवढे पीठ.' तिची वाक्ये कधीच संपूर्ण नसत. पण हे तीन शब्द प्रत्येक पानावर आहेत. लग्नानंतर पहिल्या वर्षी या 'मावेल तेवढ्या'ने मला रडविले होते. भूमध्य समुद्राच्या काठच्या बायकाही आपल्या सुनांना याच तीन शब्दांनी रडवितात हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो विद्वत्तेच्या कोणत्या सदरात मोडतो ते मला सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळी आम्ही भट्टी पेटविली. म्हणजे पोळ्यांचा डबा खाली उतरविला.

अडचणी होत्याच. ऑलिव्हची बरणी कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात मिळाली. फेटाचे पाकीटही दिसले; किंमत वाचून मी ते जागच्या जागी ठेवले. खरा फेटा मेंढीच्या दुधाचा. त्यात फार तर तीस टक्के शेळीचे दूध चालते. मिठाच्या पाण्यात मुरविलेले ते पांढरे, भुसभुशीत चीज. २००२ पासून युरोपीय संघात ग्रीसबाहेरच्या चीजला हे नाव लावायला बंदी आहे. त्याआधी डेन्मार्कमध्ये गाईच्या दुधाचे चीज 'फेटा' म्हणून भरपूर बने. जहाजावरचा डबा पुष्कळदा डेन्मार्कचाच असे. बाबा सांगतात की तो उघडताना बार्बा दर वेळी एक लांबलचक शिवी हासडी आणि मग क्रूस काढी, बहुधा शिवीबद्दल. डेन्मार्कने तरीही बाहेरच्या देशांत त्या नावाने विक्री होऊ दिली म्हणून २०२२ मध्ये युरोपच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरविले, हे मी बाबांना वाचून दाखविले. त्यांनी मान हलविली. "बार्बाला कळायला हवं होतं," ते म्हणाले.

आम्ही गरिबांचा फेटा केला. दीडशे ग्रॅम पनीर हाताने कुस्करले, त्यात दोन चमचे आंबटसर चक्का आणि पाऊण चमचा मीठ कालविले आणि तासभर झाकून ठेवले. हुबेहूब नाही, पण आंबटपणा आणि खार दोन्ही आले. आता ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी सांगते. साधारण दोन वाट्या मैदा लागला, पण तो शेवटी. आधी कुस्करलेल्या चीजमध्ये अर्धी वाटी तेल. ऑलिव्ह तेल असेल तर उत्तम. आम्ही अर्धे ते आणि अर्धे शेंगदाण्याचे घेतले. दहा-पंधरा काळ्या ऑलिव्हचे बारीक तुकडे. ते आधी फडक्यात बांधून कोरडे करायचे, नाहीतर बरणीतला खार पिठात उतरून सगळे सैल होते. चिमूटभर मिरपूड. मग मैदा आणि त्यातच चाळलेला एक चमचा बेकिंग पावडर.

मी सवयीप्रमाणे पीठ मळायला लागले आणि बाबा खुर्चीतून जवळजवळ उठले.

"मळू नको! पोळ्या आहेत का त्या? नुसतं गोळा कर. बोटांच्या टोकांनी."

"का पण?"

"चकलीला मोहन का घालतेस?"

मी चकली करीत नसले तरी मोहनाचे तत्त्व मला कळते. तेल पिठाच्या कणाकणाला माखले की पाणी आत शिरत नाही, पिठाला चिकटपणा सुटत नाही, पदार्थ खुसखुशीत होतो. मळत बसले की तो चिकटपणा ताणला जातो आणि बिस्किटाची चामट वडी होते. एवढेच त्यातले शास्त्र. मी पोरवयात आईला विचारले होते तेव्हा तिने 'तसंच घालतात' असे उत्तर दिले होते. घरातच उत्तर जाणणारा माणूस ओटीवर जाळी विणीत बसला होता.

मग ओरेगॅनो. चिरंजीवांनी पाच-सहा पुड्या फोडल्या. बाबांनी एक चिमूट तळहातावर घेतली, चोळली, हुंगली आणि खिडकीबाहेर फुंकली.

"हा कचरा आहे. याला वास कुठाय? रिगानी असली असती तर शेजारची माणसं दारात आली असती." ते क्षणभर थांबले. "अगो, ओवा आहे का घरात?"

"ओवा? त्यात ओवा कसा चालेल?"

"अर्धा चमचा. हातावर चोळून. वास एकच."

मला ते पटले नाही, पण घातला. आणि चोळताना माझ्या तळव्यातून जो वास उठला तो मला थेट १९९८ च्या त्या भेटीच्या खोलीत घेऊन गेला. तोच, किंवा त्याचा सख्खा चुलतभाऊ.

रात्री मी आपल्या धंद्याला जागून शोध घेतला. ओरेगॅनो तुळशीच्या कुळातला, ओवा कोथिंबीर-जिऱ्याच्या. नात्यागोत्याचा पत्ता नाही. पण ओव्याच्या वासातले मुख्य द्रव्य थायमॉल, आणि ओरेगॅनोच्या वासातली द्रव्ये कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल. म्हणजे बाबांचे नाक रसायनशास्त्राशी पूर्ण सहमत होते. कुंडीत लावतात तो जाड पानांचा पानओवा, ज्याची भजी करतात, तो तर तुळशीच्याच कुळातला. परदेशात काही ठिकाणी त्याला ओरेगॅनो म्हणूनच वापरतात.

आणि आणखी एक गोष्ट हाती लागली, जी खरे म्हणजे मला आधीच आठवायला हवी होती. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ओव्याचे नाव आहे 'यवानी'. यवन म्हणजे आयोनियन, म्हणजे ग्रीक. यवानी या शब्दाचा संबंध यवनांशी जोडणारे अभ्यासक आहेत. शब्दांचे असे धागे आपल्या भाषेत बरेच सापडतात: 'केंद्र' हा ग्रीकांकडून आलेला, 'दाम' हा त्यांच्या द्राख्मा नाण्यावरून, 'सुरुंग'सुद्धा तिकडचाच. कार्ल्याच्या लेण्यातल्या काही खांबांवर यवन दात्यांचे लेख आहेत. पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर ही गावे आहेत. मी हे सगळे वर्गात वीस वर्षे सांगत आले आहे. फक्त यवनांच्या जहाजावर भात रांधणारा एक माणूस माझ्याच घरी आहे, एवढा एक संदर्भ मी कधी दिला नव्हता.

पण मी फार पुढे गेले. ट्रे अजून आत जायचा आहे.

लिंबाएवढ्या गोळ्या करून, चपट्या दाबून, वर तीळ लावले. बाबांचे हात आता थरथरतात, तरीही पहिली ओळ त्यांनीच लावली. सगळ्यांत सरळ ओळ तीच होती. भट्टी आधीच १८० अंशांवर तापलेली हवी. बेकिंग पावडर ओली झाली की कामाला लागते, तिला ताटकळत ठेवायचे नाही. आत ठेवल्यावर अठरा-वीस मिनिटे. कडा तांबूस झाल्या की काढायचे. मध्यभाग मऊ लागतो, तो बाहेर निवताना कडक होतो. आत कडक होण्याची वाट पाहिली तर खडे होतात.

चिरंजीव फोनवर वेळ लावून आपल्या खोलीत गेले. स्वयंपाकघरात आम्ही दोघेच. भट्टीच्या काचेतून तांबडा उजेड बाबांच्या गुडघ्यांवर पडला होता. घरभर तो वास. मला वाटले, आत्ता नाही तर मग केव्हा?

"बाबा," मी म्हटले, "पुण्याच्या वसतिगृहावर तुम्ही एकदा आला होतात, तेव्हा मी—"

"ट्रे फिरव," ते म्हणाले.

"काय?"

"मागची बाजू जास्त तापते या पेटीची. ट्रे फिरव, नाहीतर मागच्या करपतील."

मी ट्रे फिरविला. मागच्या खरोखरच तांबूस झाल्या होत्या. हाताला जरा चटका बसला, तो नळाखाली धरला, आणि वाक्य अर्धेच राहिले. मी ते पुन्हा जुळवायचा प्रयत्न करीत होते तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली आणि चिरंजीव धावत आले.

पहिली टिकली बाबांनी मोडली, हुंगली, खाल्ली. आम्ही दोघे निकालाची वाट पाहत उभे.

"बरी आहे," ते म्हणाले. दुसरी उचलून, माझ्याकडे न पाहता, तिच्यावरचे तीळ अंगठ्याने सारखे करीत पुढे म्हणाले, "तुझ्या वसतिगृहावर आणलेल्यांत ओवा नव्हता. रिगानी होती. पिरेअसच्या बाजारातून वाळलेली जुडी घेतली होती, खास."

एवढेच. मी काही बोलू शकले नाही. चिरंजीव तोंड भरलेले असताना विचारीत होते की पिरेअस कुठे आहे, आणि बाबा त्याला सांगू लागले की ते अथेन्सचे बंदर, आणि तिथे सकाळी 'काली मेरा' म्हटल्याशिवाय कुणी पाव देत नाही.

दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी डबा घेऊन महाविद्यालयात गेले. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी सगळ्यांचा फराळ टेबलावर मांडायची पद्धत आहे. गेली दोन वर्षे मी बचतगटाची चकली आणून बशीत ओतीत असे आणि कुणी विचारले तर हसत असे. यंदा झाकण काढताच अर्थशास्त्राचे प्राध्यापक वाकले. त्यांचा या बाबतीत कोणी हात धरू शकत नाही. स्टाफरूममधल्या प्रत्येक डब्याची चव घेतल्याशिवाय त्यांची सुट्टी सुरू होत नाही.

"वा, हे काय नवीन? कुठून मागवलंत?"

टेबलाभोवती सात-आठ जण होते. प्राचार्य होते. माझ्या हाताखालची नवी मुलगी होती, जिने मागच्याच आठवड्यात माझ्या प्रांजळपणावरच्या व्याख्यानाचे कौतुक केले होते. मी चहाचा कप खाली ठेवला. या वयातही कानशिले तापतात हे तेव्हा कळले.

"मागवलेली नाहीत," मी म्हटले. "माझ्या वडिलांची आहेत. ते ग्रीक जहाजांवर स्वयंपाकी होते. एकोणतीस वर्षं."

मी थांबले. काहीतरी होईल अशी माझी अपेक्षा होती. पंचवीस-सव्वीस वर्षे जपलेले गुपित आपण टेबलावर ठेवले की निदान क्षणभर तरी शांतता पसरावी, एवढी तरी माझी मागणी असावी.

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी शांतपणे चावून घास संपविला. "अस्सं," ते म्हणाले. "छान खुसखुशीत आहेत. ओवा जरासा जास्त झालाय का?"

आणि दुसरी उचलली. प्राचार्यांनी करंजीची चौकशी सुरू केली.

संध्याकाळी घरी आल्यावर मी रिकामा डबा बाबांच्या पुढे ठेवला आणि सगळे सांगितले. कोण होते, त्यांनी काय विचारले, मी काय म्हटले, शब्दाला शब्द. ते ऐकत होते. माझे वाक्य सांगताना मी जरा अडखळले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

"ओवा जास्त झाला म्हणाले?"

"हो."

"अर्धाच चमचा होता," बाबा म्हणाले, आणि त्यांनी वर्तमानपत्र उघडले. पान उलटता उलटता पुन्हा म्हणाले, "बरोबर होता. त्यांनी चहाबरोबर खाल्ली असतील. कॉफीबरोबर खायची असतात म्हणून सांग."